पद्मिनीचं इंजिन घरी बांधलं आणि सहाशे किलोमीटरवर पुन्हा खोललं

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
४ मे, रात्री ९:५२

बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी सात वर्षं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. शेवटची चालली तेव्हा कात्रजच्या जुन्या घाटात तापली, बॉनेटमधून वाफ आली, टो करून घरी आणली, ती तिथेच राहिली. बाबा गेल्यावर आईने एकदाच विचारलं, "गाडीचं काय करणार आहेस?" मी म्हटलं, चालू करतो.

मी नोकरीला बँकेत आहे. पण लहानपणी दर रविवारी बाबांच्या हाताखाली या गाडीचे प्लग साफ केलेत, टॅपेट (झडपांची फट) सेट करताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) धरलंय. त्यामुळे इंजिन स्वतःच बांधायचं ठरवलं. मदतीला आतेभाऊ होता. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, पुशरॉडचं साधं इंजिन. बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. दोन माणसं आणि एक चेनपुली पुरते.

इंजिन बांधलं, चालू झालं. पहिल्या दिवशी आई पुढच्या सीटवर बसली, आम्ही डेक्कनपर्यंत जाऊन आलो. बरोबर ६१२ किलोमीटर झाल्यावर साताऱ्याला जाताना शिरवळच्या अलीकडे तेलाचा दिवा लुकलुकला. पाठोपाठ खालून ठोका. गाडी लगेच बंद केली, म्हणून क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणारा मुख्य दांडा) वाचला. घरी आणून संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला तर तेलात सोनेरी-राखाडी चमक. मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली), दोन्ही बेअरिंगांवर आडवे ओरखडे, काही ठिकाणी वरचा थर निघून खालचं तांबूस दिसत होतं.

पहिल्या वेळी एकूण खर्च ४६,३०० रुपये झाला होता. दुसऱ्या वेळी ३१,८०० रुपये. हा दुसरा आकडा पूर्ण माझ्या चुकांचा आहे. वस्तू खराब नव्हती, मशीन शॉपने कामही नीट केलं होतं. मी काय केलं आणि काय केलं नाही ते इथे सविस्तर लिहितो. घरी इंजिन काढणारा कुणी हे वाचून थांबला तर त्याचे तीस हजार वाचतील.

सगळ्यात महाग चूक धुण्याची. क्रँक ग्राइंड होऊन आला, आरशासारखा. मी रॉकेलने धुतला, हवा मारली, पुसला, बसवला. क्रँकच्या आत मेन जर्नलपासून (जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गुळगुळीत भाग) बिग एंडपर्यंत तेलाची तिरपी भोकं असतात. ती पाडून झाल्यावर बाहेरची तोंडं प्लगने बंद करतात. ग्राइंडिंगचा दगडाचा चुरा आणि लोखंडाची पूड त्या भोकांत जाऊन प्लगच्या मागे बसते. बाहेरून हवा मारली तरी तो कोपरा बंदच असतो, घाण तिथेच राहते. मग इंजिन चालू होतं, गरम तेल दाबाने फिरायला लागतं आणि तो चुरा हळूहळू सुटून थेट बेअरिंगमध्ये येतो. तेलाचा फिल्टर या भोकांच्या आधी असतो. क्रँकच्या आतून सुटलेली घाण बेअरिंगला लागूनच बाहेर येते, फिल्टर तिला अडवूच शकत नाही.

दुसऱ्या वेळी प्लग काढले, तेव्हा एका भोकातून काळी चिकट पेस्ट निघाली. बोटावर घेऊन चोळली तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागली. ते बघून मी आणि आतेभाऊ बराच वेळ काहीच बोललो नाही.

ब्लॉकचंही तेच. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर मोठा कापून भिंत दगडाने घासणं) करून आणलेला ब्लॉक मी रॉकेलने धुतला होता. रॉकेल तेल काढतं, पण होनिंगचे कण भिंतीवरच्या बारीक रेघांमध्ये तसेच ठेवतं. ते कण काढायला गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरा सुती कपडा सिलिंडरमध्ये फिरवायचा. राखाडी डाग येतो तोवर पुन्हा धुवायचं. दुसऱ्या वेळी माझे सात राउंड झाले. धुऊन झाल्याबरोबर कोरडं करून लगेच तेलाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर उघड्या बिडावर तासाभरात गंज धरतो. पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर.

दुसरी चूक अशी, की गाडी मुळात का तापली होती हे मी विचारलंच नाही. हेड गास्केट (हेड आणि ब्लॉकमधला गळती रोखणारा थर) गेलं होतं, ते बदललं, हेड फेसिंग करून (तळ सपाट कापून) घेतलं आणि प्रश्न संपला असं मानलं. पण गास्केट जाणं हा परिणाम होता. कारण रेडिएटरमध्ये होतं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, बाबा वर्षानुवर्षं तेच भरायचे. नळ्यांच्या आत क्षाराचा थर चढून अर्ध्या नळ्या बंद होत्या. नवं इंजिन त्याच रेडिएटरला जोडलं. कात्रज चढताना काटा वर जात होता, मी त्याला नव्या इंजिनाचा घट्टपणा समजत होतो.

तिसरी चूक: सगळे भाग एकाच टबात धुतले. कनेक्टिंग रॉडच्या कॅपा आपापल्या रॉडसोबतच मशीन केलेल्या असतात, एकीची कॅप दुसरीला चालत नाही. टबातून काढल्यावर दोन कॅपांची अदलाबदल झाली. आतेभावाने खोदलेले नंबर बघून पकडली, नाहीतर आणखी एक ३१,८०० झाले असते. दुसऱ्या वेळी टॅपेट आणि पुशरॉड अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने लावून ठेवले. ट्रेवर मार्करने आकडे घातले आणि तो ट्रे कुणालाही हलवू दिला नाही.

तुमच्या चुका लिहा. शक्यतो रुपयांसकट.

---

भोसरीचा_टर्नर
४ मे, रात्री १०:४१

उत्तम लिहिलंत. मी एकवीस वर्षं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर आहे. आमच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

आम्ही क्रँक ग्राइंड करतो. प्लग काढून आतून धुणं हे वेगळं काम आहे, ते सांगितलं तरच होतं. बहुतेक गिऱ्हाइकं सांगत नाहीत, त्यांना वाटतं ते त्यातच आलं. प्लग काढायला ड्रिल करून ओढावा लागतो, नवा टाकून ठोकावा लागतो. काही क्रँकमध्ये चुड्यांचे प्लग असतात, ते सोपे. तेव्हा क्रँक देतानाच विचारा: "आतून साफ करून देणार की मी करू?"

दुसरं, ब्लॉकसोबत पिस्टन आणा. "चाळीस थाऊ बोअर करा, पिस्टन मी नाना पेठेतून नंतर घेतो," असं सांगणारे रोज येतात. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) खोक्यावर चाळीस लिहिलं असलं तरी दोन कंपन्यांच्या पिस्टनांत फरक पडतो. मी पिस्टन हातात घेऊन स्कर्टवर, पिनेच्या काटकोनात मोजतो, त्यात क्लिअरन्स मिळवतो आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनला जुळवून काढतो. आधी भोक पाडून मागून पिस्टन आणला की जे होईल ते होईल.

तिसरं, जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारा क्रँकचा आडवा भाग) जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई असते. ग्राइंडिंग करताना ती गोलाई राखली नाही, काटकोन झाला, तर क्रँक तिथूनच तुटतो. लगेच नाही, काही हजार किलोमीटरनंतर. क्रँक परत घेताना तो कोपरा नखाने तपासा. नख सरकलं पाहिजे, अडकता कामा नये. आणि ग्राइंडिंगच्या आधी क्रॅक चेकिंग करून घ्या. तडा गेलेला क्रँक ग्राइंड करून घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

---

घाटवाट
४ मे, रात्री ११:०५

बोअरचं पाणी वाचून लगेच खाली जाऊन माझ्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. गाळणीसारखी पांढरी कड आहे. उद्याच रेडिएटरवाल्याकडे.

---

अण्णा_गॅरेज
५ मे, सकाळी ७:२०

मी आता गॅरेज बंद केलंय, पण पद्मिनी आणि अँबेसिडर चाळीस वर्षं केल्या. पोरा, मनापासून लिहिलंस. एक सांगतो. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोघांचं फुगणं वेगळं. हेड गरम असताना कधीही खोलायचं नाही. रात्रभर थंड होऊ द्यायचं आणि बोल्ट सोडताना बाहेरून आत, थोडे थोडे करत सोडायचे. आवळताना आतून बाहेर, तीन टप्प्यांत. हेड गरम खोललं की ते वाकणारच. मग फेसिंग करत करत पातळ होत जातं आणि शेवटी टाकून द्यावं लागतं. आता टाकून देण्यासारखी हेडं राहिलेली नाहीत.

तापण्याचं म्हणशील तर आम्ही थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकायचो. आपल्या हवेत त्याची गरज नाही. काढला की गाडी थंड.

---

यंत्रवेडी
५ मे, सकाळी ९:३३

अण्णा, नमस्कार. तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, चाकणला एका कारखान्यात मोजमापाच्या लॅबमध्ये काम करते. पण थर्मोस्टॅटबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते इथे मांडायला हवं.

थर्मोस्टॅट गाडी गरम होण्यासाठीही असतो. तो नसला की इंजिन थंडीत, सकाळी, उतारावर नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात चोक जास्त वेळ ओढावा लागतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि संपमध्ये उतरून तेल पातळ करतं. नव्या रिंगांना त्याच दिवसांत भिंतीवर नीट बसायचं असतं. शिवाय थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी थंड राहिली तरी रेडिएटर बंद होत चाललाय हे कळतच नाही. धागाकर्त्यांच्या बाबांच्या गाडीत थर्मोस्टॅट होता का?

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
५ मे, सकाळी १०:०२

नव्हता. थर्मोस्टॅट बसतो ती जागा रिकामी होती. कुणीतरी फार पूर्वी काढलेला असणार.

---

अण्णा_गॅरेज
५ मे, दुपारी १:१५

यंत्रवेडी ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडे टॅक्सी यायच्या, दिवसभर चालत्या, त्यांचं इंजिन कधी थंड पडायचंच नाही. त्यात काढलेलं खपून गेलं. घरच्या गाडीला, दिवसातून दोनदा आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्या, तो असावा. नवा टाकण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडून बघायचा. उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर मिटला पाहिजे. मी नवीन मालही तसा तपासूनच बसवायचो.

---

यंत्रवेडी
५ मे, रात्री ८:४८

आता माझ्या विषयावर येते. 'थाऊ' हा शब्द सगळे सहज वापरतात, पण ते माप किती लहान आहे हे डोळ्यासमोर असावं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. जर्नल आणि बेअरिंग यांच्यातल्या फटीचा ढोबळ नियम आहे: जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाऊ. म्हणजे दोन इंचाच्या जर्नलला दोन थाऊ, एका बारीक केसाएवढी फट. त्या फटीत तेलाचा थर असतो आणि त्या थरावर अख्खा क्रँक तरंगतो. धागाकर्त्यांच्या क्रँकमधून निघालेल्या चुऱ्याचे कण त्या थराच्या जाडीचेच असणार. म्हणून ओरखडे.

ही फट व्हर्नियरने मोजता येत नाही. साध्या व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ मिमी, म्हणजे जवळपास एक थाऊ. जे मोजायचं त्याची अर्धी चूक साधनातच. जर्नलला मायक्रोमीटर लागतो, सिलिंडरला बोअर गेज.

आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये कुणी बघत नाही: तापमान. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. ६८.५ मिमीचा पिस्टन दुपारी डिकीत ४३ अंशांपर्यंत तापला आणि दुकानात २८ अंशांत ठेवलेल्या ब्लॉकच्या मापाशी ताडून पाहिला, तर पिस्टन सुमारे २४ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ एक थाऊ मोठा भरतो. क्लिअरन्सच दोन-तीन थाऊंचा असेल तर ही चूक प्रचंड आहे. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी मोजा. मायक्रोमीटरचा शून्य आधी तपासा.

---

भोसरीचा_टर्नर
५ मे, रात्री ९:१०

हे शंभर टक्के. उन्हाळ्यात मी पिस्टन आल्यावर चहा पाजून गिऱ्हाइकाला दोन तास बसवतो. काही जण चिडतात.

---

जुनी_डिझेल
६ मे, सकाळी ६:५५

रुपयांसकट लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. मी माझ्या जुन्या डिझेल गाडीचा ब्लॉक फोडलाय.

हेड बसवताना बोल्टची भोकं साफ केली नव्हती. ती तळाला बंद होती. आदल्या दिवशी धुताना त्यांत तेल आणि पाणी साठलेलं. बोल्ट आवळत गेलो, टॉर्क रेंचने टक् केलं, पुढचा टप्पा घेतला. द्रव दाबला जात नाही, त्याला जायला जागा नव्हती, मग बोल्टने त्याला ब्लॉकच्या भिंतीवर ढकललं. हलकासा आवाज आला. मला वाटलं रेंचचा. इंजिन चालू झाल्यावर बाहेरच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ उतरली, तेव्हा तडा दिसला.

दुसरा ब्लॉक जुन्या बाजारात नाही, एका भंगार यार्डात मिळाला, १८,००० रुपये. वर इंजिन नंबर बदलला म्हणून आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागली. यार्डवाल्याकडून पक्की पावती घेतली होती म्हणून ते तरी सुरळीत झालं. पावतीशिवाय ब्लॉक कधीही घेऊ नका.

आता प्रत्येक भोकात टॅप हाताने फिरवून चुड्या साफ करतो, हवा मारतो, इअरबडने तळ कोरडा करतो. बोल्टच्या चुड्यांना मॅन्युअल सांगेल तेवढंच तेल. कोरडा बोल्ट आणि तेल लावलेला बोल्ट एकाच टॉर्कला सारखे ताणले जात नाहीत. तेल लावलेला जास्त ताणला जातो, कारण घर्षणात कमी जोर खर्च होतो.

---

सिंहगडरोड_१४
६ मे, सकाळी १०:१९

वाचतोय. दोन प्रश्न. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमधली फट तुम्ही किती ठेवलीत? आणि सिलिकॉन गास्केट लावावं का?

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
६ मे, रात्री ९:३७

जुनी_डिझेल, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्रीच बॅटरी घेऊन खाली गेलो आणि दुसऱ्या वेळी काढलेले फोटोही तपासले. भोकं कोरडी होती. माहिती होती म्हणून नव्हे, आतेभावाने हवा मारली होती म्हणून.

सिंहगडरोड_१४, रिंगांबद्दल. पहिल्या वेळी मी फट मोजलीच नव्हती, खोक्यातून काढून घातल्या. ढोबळ नियम असा, की बोअरच्या दर इंचाला चार थाऊ. आमचा बोअर साधारण पावणेतीन इंचांचा, म्हणजे अकरा थाऊच्या आसपास. पण रिंगसोबत येणाऱ्या कागदावर आकडा असेल तर तोच पाळा. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने खाली ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, मग फीलर गेज घालायचं. फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि भिंत खरवडते. जास्त असेल तर थोडी हवा गळते, बस. म्हणजे कमी फट जास्त महाग. माझ्या चारपैकी एका सिलिंडरची वरची रिंग सात थाऊला भरली. हात थरथरत घासली. टोकाला चौरस राखत, एकाच दिशेने.

रिंगवर बारीक अक्षरात 'टॉप' लिहिलेलं असतं, ती बाजू पिस्टनच्या माथ्याकडे. आणि तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत.

सिलिकॉनबद्दल: पहिल्या वेळी संपला मी भरपूर लावलं होतं, गळू नये म्हणून. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबून निघतं, हे सुचलं नाही. दुसऱ्या वेळी संप उतरवला तेव्हा तेल ओढणाऱ्या जाळीवर त्याचे निळे तुकडे चिकटलेले होते. जाळीचा पाऊण भाग उघडा होता, पण पाऊणच. दिवा लुकलुकण्यात त्याचाही वाटा असेल असं मला वाटतं. आता कागदी आणि कॉर्कचंच गास्केट, कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन.

---

अण्णा_गॅरेज
७ मे, सकाळी ७:०८

तेलपंप कोरडा बसवला होतास का? पंप नवा किंवा धुतलेला असेल तर गिअरमध्ये व्हॅसलीन भरून बसवायचा. नाहीतर पंप हवाच फिरवत बसतो, तेल ओढत नाही. पहिले दहा सेकंद इंजिन कोरडं फिरलं की बेअरिंगचं अर्धं आयुष्य तिथेच गेलं.

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
७ मे, सकाळी ७:४४

पहिल्या वेळी कोरडाच, अण्णा. दुसऱ्या वेळी तुम्ही सांगता तसंच केलं. शिवाय बेअरिंगना असेंब्ली ल्यूब (जोडणी करताना लावायचं वंगण) लावलं, तेलाच्या दिव्याऐवजी काट्याचा गेज बसवला, चारही प्लग काढून फक्त स्टार्टरवर फिरवलं. दहा-दहा सेकंद, मध्ये स्टार्टरला विश्रांती. चौथ्या खेपेला काटा हलला. तेव्हा कुठे प्लग लावले.

---

यंत्रवेडी
७ मे, दुपारी ४:२६

बेअरिंगची फट दुसऱ्या वेळी कशी मोजलीत? मायक्रोमीटर होता?

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
७ मे, रात्री १०:१३

मायक्रोमीटर बोहरी आळीतून घेतला, पण बेअरिंगच्या आतलं माप घ्यायला माझ्याकडे साधन नव्हतं. म्हणून प्लॅस्टिगेज वापरलं. मेणासारखा मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा असतो. जर्नल कोरडं पुसून त्यावर लांबीच्या दिशेने एक तुकडा ठेवायचा, कॅप लावून पूर्ण टॉर्कला आवळायची, मग खोलायची. धागा चपटा होतो, त्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवली की फट कळते. रुंद झाला तर फट कमी, अरुंद राहिला तर जास्त. मध्ये क्रँक किंचितही फिरता कामा नये, नाहीतर धागा पसरतो आणि माप खोटं येतं.

मेनची तिन्ही मापं दोन थाऊच्या जवळ आली. बिग एंडपैकी तिसरं मात्र साडेतीन दाखवत होतं. इथे मी मोहात पडलो होतो, हे कबूल करतो. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, रविवार होता, आतेभावाला सकाळी कामावर जायचं होतं. एकच आहे, थोडं जास्तच तर आहे, चालेल असं मनात आलं. मग बाबा आठवले. ते टॅपेट सेट करताना आठही पुन्हा एकदा फिरून तपासायचे आणि मला ते अनावश्यक वाटायचं. कॅप खोलली. बेअरिंगच्या पाठीमागे, रॉडच्या घरात, कापडाचा एक धागा अडकला होता. पुसायला घेतलेल्या बनियनचा. तो काढल्यावर माप सव्वादोन आलं.

नीट विचार केला तर धाग्याने बेअरिंग वर उचललं जाऊन फट कमी दिसायला हवी होती. जास्त का दिसली, याचं मला समजलेलं उत्तर असं, की धागा कडेला, सांध्याजवळ होता. शेल (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा) तिथे नीट खाली बसलं नाही आणि कॅप पूर्ण मिटलीच नाही. यंत्रवेडी किंवा टर्नर यांनी दुरुस्त करावं.

---

भोसरीचा_टर्नर
७ मे, रात्री १०:५०

बरोबर पकडलंत. कॅप आणि रॉडच्या मिलनरेषेत काहीही आलं की भोक उभं लांबतं आणि फट वाढलेली दिसते. मधोमध पाठीमागे आलं असतं तर उलट दिसलं असतं. म्हणून शेलची पाठ आणि रॉडचं घर कोरडं आणि स्वच्छ, तेलसुद्धा नको. तेल फक्त जर्नलच्या बाजूला. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या, बनियन आणि कॉटन वेस्ट (पुसायला मिळणारा सुताचा गुंता) दोन्ही इंजिनाच्या आतल्या कामाला चालत नाहीत.

---

घाटवाट
९ मे, दुपारी १२:३०

रेडिएटर खोलून घेतला. कारागिराने वरची टाकी काढून दाखवली. बावीस नळ्यांपैकी नऊ पूर्ण बंद. सळई घालून साफ करायचे १,४०० रुपये घेतले. या धाग्याचे आभार. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं.

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
९ मे, दुपारी २:०५

घाटवाट, हे वाचून फार बरं वाटलं.

---

सिंहगडरोड_१४
१० मे, रात्री ८:१२

सुटे भाग कुठे मिळाले? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यानंतर माल आणखी आटला असं ऐकतो.

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
१० मे, रात्री ९:२०

आटलाय खरा. पिस्टन आणि रिंगांचे सेट नाना पेठेत दोन दुकानांत मिळाले, बेअरिंग एकाकडेच होतं. माझं एक ऐकाल तर आधी क्रँकचं माप घ्या, मग बेअरिंग शोधा, मगच ग्राइंड करा. मी उलट केलं होतं. वीस थाऊला ग्राइंड झाल्यावर कळलं की दुकानात दहा आणि तीस थाऊचं बेअरिंग आहे, वीसचं नाही. वीससाठी अकरा दिवस थांबलो. दुसऱ्या वेळी ओरखडे फक्त बेअरिंगवर होते, जर्नल पॉलिशने निभावलं, म्हणून परत वीसच लागलं. त्यामुळे आता एक जोड जास्तीची घेऊन कपाटात ठेवली आहे.

---

अण्णा_गॅरेज
११ मे, सकाळी ७:३०

आता गाडी कशी आहे ते सांग.

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
११ मे, रात्री ९:४५

अण्णा, दुसऱ्यांदा बांधून झालेल्याला आज ९४० किलोमीटर झाले. पहिलं तेल ५० किलोमीटरवर काढलं, गाळून पांढऱ्या कागदावर पसरलं, वर लोहचुंबक फिरवला. थोडी बारीक पूड होती, चमक नव्हती. दुसरं ५०० वर काढलं, त्यात काहीच नाही. पहिल्या तीनशे किलोमीटरांत इंजिन एका वेगावर धरलं नाही, नुसतं उभ्याने चालू ठेवलं नाही, जोर देऊन सोडत गेलो, म्हणजे रिंगा भिंतीवर दाबल्या जातात.

काल कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) घेतलं. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर: १३८, १४०, १३६, १४० पीएसआय. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे मुंबईपेक्षा आकडा थोडा कमीच येणार. मी आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघितला, तो चारच आहे. गरम असताना स्लोला तेलाचा काटा स्थिर राहतो.

आज सकाळी सहाला आईला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने वर गेलो. रेडिएटर नवा कोअर घालून घेतलाय, थर्मोस्टॅट तुमच्या पद्धतीने पातेल्यात उकळून तपासलेला. काटा मधोमध येऊन थांबला तो वरपर्यंत हलला नाही. बोगद्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, बॅटरीने सगळीकडे बघितलं. कुठे थेंब नाही. आई खाली उतरली आणि म्हणाली, "तुझे बाबा पण इथेच थांबून बॉनेट उघडायचे."

---

अण्णा_गॅरेज
१२ मे, सकाळी ६:५८

छान. एक हजाराला टॅपेट परत बघ. थंड इंजिनावर. आठही.

---

कर्वेनगर_पार्किंग (धागाकर्ता)
१२ मे, सकाळी ७:०३

हो अण्णा. येत्या रविवारी.